नाताळचा काळ आणि बालवर्गाचें शिक्षण
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या शिक्षक-पालक सभेंत दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या वर्षीं मनुष्याची दृष्टि सहजच मागें वळते. आपल्या पूर्वजांनीं मंदिराचा पाया कसा घातला, शाळेची पहिली भिंत कोणाच्या श्रमानें उभी राहिली, ह्या आठवणी सांगण्यास माझ्याहून अधिकारी अशी वडील मंडळी येथें बसली आहे. मला मात्र आपण पुढें पाहण्याची आज्ञा केली आहे. म्हणजे शाळेच्या बांकांवर जीं लहान मुलें बसतात, त्यांच्याकडे. हिंवाळ्याच्या दिवसांत, विशेषतः नाताळच्या पूर्वींच्या चार आठवड्यांत, ह्या मुलांना काय शिकवावें व कसें शिकवावें, हा माझा विषय आहे. विषय लहान मुलांचा असला तरी लहान नव्हे.

पुष्कळ शिक्षकांच्या बोलण्यांत डिसेंबर महिना हा ‘बुडालेला महिना’ असतो. स्नेहसंमेलनाच्या तालमी, सजावट, पुढें येणारी सुटी. ह्या गडबडींत अभ्यास होत नाहीं अशी तक्रार सर्वत्र ऐकूं येते. माझें म्हणणें ह्याच्या उलट आहे. वर्षाच्या बारा महिन्यांत मुलांचें मन इतकें उत्सुक दुसऱ्या कोणत्याही महिन्यांत नसतें. शिक्षकाला एरव्हीं जी उत्सुकता महत्प्रयासानें निर्माण करावी लागते, ती डिसेंबरांत आपोआप दारीं चालून येते. ती वायां घालवावी कीं कामीं लावावी, एवढाच प्रश्न आहे.

ती वायां कशी जाते तें प्रथम स्पष्टच सांगतों. वर्गांतील आठ-दहा चुणचुणीत मुलें निवडून त्यांच्याकडून तीन आठवडे नाटुकलें घोटून घ्यावयाचें, आणि उरलेल्यांनीं टाळ्या वाजवावयाच्या, ही एक रीत. बाजारांतून तयार चांदण्या, तयार गोठा, तयार पोशाख आणून भिंती भरावयाच्या, ही दुसरी. पहिल्या रीतीनें बहुसंख्य मुलांना एवढेंच शिक्षण मिळतें कीं, आपण प्रेक्षक होण्याकरितां जन्मलों आहों. दुसऱ्या रीतीनें गरिबाच्या मुलाला कळतें कीं, नाताळ हा विकत घ्यावयाचा सण आहे व तो आपल्याला परवडत नाहीं. ज्या प्रभूचा जन्म गोठ्यांत झाला, त्याच्या सणाला एखादें बालक आपल्या दारिद्र्याची लाज वाटून घरीं राहावें, ह्याहून विपरीत गोष्ट ती कोणती? म्हणून पुढें मी जे उपक्रम सुचविणार आहें, त्यांना दोन कसोट्या लावल्या आहेत. प्रत्येक काम प्रत्येक मुलाच्या हातून झालें पाहिजे; आणि त्यासाठीं घरून पैसा मागावा लागतां कामा नये.

ही दृष्टि नवी नाहीं. इ. स. १२२३ च्या नाताळच्या रात्रीं इटलींतील ग्रेच्चो नांवाच्या डोंगराळ गांवीं संत फ्रान्सिस असिसीकर ह्यांनीं गव्हाण मांडली, गवत आणविलें, बैल व गाढव आणून उभीं केलीं. त्यांचे चरित्रकार थॉमस चेलानोकर लिहितात कीं, बेथलेहेमच्या बालकाला सोसाव्या लागलेल्या हालअपेष्टा स्वतःच्या डोळ्यांनीं पाहाव्या, अशी फ्रान्सिस ह्यांची इच्छा होती. उत्तम शिक्षकाची रीत हीच. त्यांनीं केवळ प्रवचन केलें नाहीं. वस्तु समोर ठेवली. बाजारची सजावट आणली नाहीं. गांवच्या गोठ्यांत होतें तेंच आणलें. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनीं २०१९ सालीं ह्याच ग्रेच्चो गांवीं जाऊन गोठ्याच्या प्रथेविषयींच्या पत्रावर स्वाक्षरी केली, व घरांप्रमाणेंच शाळांतूनही ही प्रथा जिवंत राहावी असें सुचविलें. महाराष्ट्रांत २०१८ सालीं थर्माकोलच्या सजावटीवर शासनाची बंदी आली, तेव्हां आतां गोठा कसा करावा असा प्रश्न कित्येकांना पडला. वसईच्या मुलाला तो पडूं नये. पेंढा आपल्या खळ्यावर आहे, माती आपल्या तळ्याकांठीं आहे, आणि नारळाच्या झावळ्या डोक्यावर डुलत आहेत.

आतां आठवड्यांच्या क्रमानें चालूं या.

पहिला आठवडा डोळ्यांचा. आगमनकाळ हा वाट पाहण्याचा काळ. आणि वाट पाहणें म्हणजे लक्षपूर्वक पाहणें. शाळेच्या पटांगणांत एक मीटर लांबीची सरळ कांठी ओळंब्यानें उभी करावी. दुपारीं सव्वाबारापासून एक वाजेपर्यंत दर पांच मिनिटांनीं मुलांनीं तिच्या सांवलीच्या टोकाशीं खडा ठेवावा. सर्वांत आंखूड सांवली घड्याळांतील बारा वाजतां पडत नाहीं, हें पाहून मुलें चकित होतील. २२ डिसेंबरच्या सुमारास ती वसईस बारा वाजून सुमारें सदतीस मिनिटांनीं पडते. कारण आपलें घड्याळ आपल्या गांवच्या सूर्यावर चालत नसून, पूर्वेकडे दूर असलेल्या साडेब्यायशी अंशांच्या रेखावृत्ताच्या वेळेवर चालतें. त्या सांवलीची लांबी त्र्याण्णव सेंटिमीटरांच्या आसपास भरते. हेंच मोजमाप २१ मार्चला पुन्हां करावें. सांवली पस्तीस सेंटिमीटरांवर आलेली दिसेल. मेच्या मध्याला तर ती मध्यान्हीं पायाशींच नाहींशी होईल. हिंवाळा म्हणजे काय, हें ज्या मुलानें स्वतःच्या फूटपट्टीनें मोजलें, त्याला पुस्तकांतील व्याख्या पाठ करावी लागत नाहीं.

ह्याला भूगोलाची जोड द्यावी. त्याच २२ डिसेंबरला बेथलेहेम येथें तेवढ्याच कांठीची मध्यान्हछाया सुमारें एकशें त्रेचाळीस सेंटिमीटर पडते, आणि लंडन शहरीं ती तीन मीटर सत्तर सेंटिमीटरांच्या घरांत जाते. ह्या तीन सांवल्या खडूनें पटांगणावर एकाखालीं एक काढून दाखवाव्या. उत्तरेकडे जावें तसतसे सूर्याचे किरण तिरपे होतात, म्हणून तिकडे थंडी अधिक, ही गोष्ट चौथीच्या मुलाला एका दृष्टिक्षेपांत कळते. मात्र सूर्याकडे उघड्या डोळ्यांनीं पाहूं नये, ही ताकीद कामाच्या आरंभींच द्यावी.

आपल्या नाताळच्या चित्रांवर जें बर्फ दिसतें, तें ह्या तिरप्या किरणांच्या देशांतलें आहे. आपल्या मुलांनीं तें पाहिलेलें नाहीं. तरी दरवर्षीं गोठ्यावर कापूस पसरून आपण त्यांना तेंच खरें म्हणून दाखवितों. बेथलेहेमांतसुद्धां बर्फ क्वचितच पडतें. मी कापसाचा शत्रु नाहीं. परंतु शाळेंत बर्फ आणावयाचें तर तें ज्ञानाच्या वाटेनें आणावें. योहान केप्लर ह्या थोर ज्योतिषशास्त्रज्ञानें १६११ सालीं आपल्या आश्रयदात्याला नववर्षाची भेट म्हणून एक लहानसें पुस्तक लिहून दिलें. हिमकण नेहमीं सहा कोनांचेच कां असतात, हा त्याचा विषय. अमेरिकेंत व्हर्माँट प्रांतांतील विल्सन बेंटली ह्या शेतकऱ्यानें १५ जानेवारी १८८५ रोजीं सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्यानें हिमकणाचें पहिलें छायाचित्र घेतलें, व पुढें आयुष्यभरांत अशीं पांच हजारांवर छायाचित्रें काढिलीं. मुलांनीं कागदाचें वर्तुळ कापून त्याची प्रथम अर्धी घडी घालावी, मग त्या अर्ध्याच्या तीन सारख्या घड्या कराव्या, आणि कातरीनें नक्षी काढावी. उघडल्यावर सहा टोंकांचा हिमकण निघतो. बाजारांत मिळणारे आठ टोंकांचे हिमकण खोटे आहेत, हें तीं मुलें मोठ्या अभिमानानें घरीं सांगतील; आणि एक तृतीयांश म्हणजे काय, तें त्यांच्या बोटांना कायमचें ठाऊक होईल.

परंतु परक्या हिंवाळ्याआधीं आपला हिंवाळा. सकाळीं शाळेंत येतांना गवतावर दंव होतें कीं नाहीं, धुक्यांत मंदिराचा क्रूस दिसत होता कीं नाहीं, ह्याची नोंद भिंतीवरील तक्त्यांत रोज एका मुलानें करावी. कांचेच्या पेल्यांत बर्फाचे खडे घालून ठेवावे. थोड्याच वेळांत पेल्याला बाहेरून पाझर फुटल्यासारखे थेंब जमतात. पेला गळत नसतां हें पाणी आलें कोठून? ह्या एका प्रश्नावर सबंध तास खर्ची पडला तरी तो सत्कारणीं लागला असें समजावें. तसेंच, ह्याच दिवसांत शेपूट खालींवर हलवीत फिरणारा परीट पक्षी, आणि झुंडीनें येणाऱ्या गुलाबी-काळ्या भोरड्या आपल्या शेतांत दिसतात. खाडीच्या व मिठागरांच्या कडेला उंच पायांचे पाणपक्षी चरत असतात. ह्यांतले पुष्कळसे पाहुणे हिमालयापलीकडून आलेले असतात. पूर्वेकडून ज्ञानी लोक ताऱ्याच्या मागें आले हें ज्या महिन्यांत आपण सांगतों, त्याच महिन्यांत हे प्रवासी आपल्या दारीं उतरतात, हें मुलांच्या लक्षांत आणून द्यावें.

दुसरा आठवडा हातांचा. १३ डिसेंबरला संत लुसीचा सण येतो. हंगेरी व क्रोएशिया ह्या देशांत त्या दिवशीं ताटलींत गहूं पेरण्याची जुनी चाल आहे. नाताळपर्यंत तो हिरवागार वाढतो व घरांत मांडला जातो. आपल्याकडेही गोठ्यासाठीं डब्यांत धान्य रुजत घालणारीं घरें आहेत. प्रत्येक मुलानें करवंटींत ओली माती घालून मूठभर गहूं किंवा नाचणी पेरावी. एक करवंटी उजेडांत ठेवावी, दुसरी कपाटांत. रोज उंची मोजून चौकटीच्या कागदावर टिंब द्यावें व टिंबें जोडावीं. अंधारांतील रोप उंच वाढतें, पण फिकट पिवळें व अशक्त निघतें. उजेडांतलें ठेंगणें, पण हिरवें व ताठ. ह्यावर शिक्षकानें उपदेश करण्याची घाई करूं नये. मुलें स्वतःच बोलतील, आणि तीं जें बोलतील तें आपल्या उपदेशाहून पुष्कळदां चांगलें असतें.

चांदणीचा आकाशकंदील आपल्याकडे घरोघर होतो. त्यांतही गणित आहे. मुलांनीं लेखणी न उचलतां पांच टोंकांची चांदणी काढावी, कापावी, आणि तिचीं पांचही टोंकें फाडून एकाशेजारीं एक अशीं बसवावीं कीं सर्वांचे अणकुचीदार कोन एका बिंदूंत मिळतील. खालची कड सरळ रेषेंत येते. शेजारच्या मुलाची चांदणी वांकडीतिकडी असली तरीही त्याचीं पांच टोंकें सरळ रेषाच भरतात. पांचही कोनांची बेरीज एकशें ऐंशी अंश होते, हा सिद्धान्त पुढें माध्यमिक शाळेंत येईल तेव्हां त्यांना तो जुन्या मित्रासारखा भेटेल.

येथेंच आगमनकाळाच्या चक्राविषयीं सांगतों, कारण त्याचा उगमच एका शिक्षकाच्या अडचणींत आहे. जर्मनींतील हांबुर्ग शहरीं योहान हिन्रिख विखर्न हे प्रोटेस्टंट पंथाचे गृहस्थ निराधार मुलांसाठीं आश्रमशाळा चालवीत. नाताळ केव्हां येणार, असें मुलें रोज विचारीत. म्हणून १८३९ सालीं त्यांनीं गाडीच्या चाकावर रविवारांसाठीं चार मोठ्या व इतर दिवसांसाठीं लहान लहान मेणबत्त्या लावल्या, आणि रोज एक पेटवून मुलांकडून दिवस मोजविले. पुढें ही चाल आपल्या कॅथलिक मंदिरांतही रूढ झाली. म्हणजे आज जें चक्र आपण वेदीजवळ पाहतों, तें मुळांत अंकगणिताचें साधन होतें. वर्गांत मेणबत्त्यांऐवजीं मुलांनीं कागदाच्या ज्योती चिकटवाव्या. मोठ्या मुलांना एक हिशेब घालावा: आगमनकाळाचे दिवस दरवर्षीं सारखे असतात काय? दिनदर्शिका समोर ठेवून त्यांनींच शोधून काढावें कीं, नाताळ सोमवारीं आला तर आगमनकाळ बावीस दिवसांचा, आणि रविवारीं आला तर अठ्ठावीस दिवसांचा होतो. इतर वारीं त्यांच्या मधला.

तिसरा आठवडा जिभेचा व कानांचा, म्हणजे भाषेचा. मुलांना नाताळची गोष्ट येते असें आपण गृहीत धरतों. एकदां परीक्षा घेऊन पाहा. ज्ञानी लोक किती होते? सर्व मुलें ‘तीन’ म्हणतील. मग संत मत्तय ह्यांचें शुभवर्तमान उघडून दुसरा अध्याय मोठ्यानें वाचावा. तेथें संख्या दिलेलीच नाहीं. देणग्या तीन म्हणून आपण माणसें तीन धरलीं. मेंढपाळ कोणत्या शुभवर्तमानांत आहेत? संत लूक ह्यांच्या. तारा कोणत्या? संत मत्तय ह्यांच्या. बैल व गाढव? दोहोंतही नाहींत, यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या आरंभीं त्यांचा उल्लेख आहे, तेथून ते गोठ्यांत आले. ह्या वाचनानें श्रद्धेला धक्का लागेल अशी भीति कोणी बाळगूं नये. लिहिलेलें काय आहे आणि आपण मनानें घातलेलें काय आहे, हा विवेक ज्याला चौथ्या इयत्तेंत आला, तो पुढें वर्तमानपत्र वाचतांना किंवा हातांतल्या यंत्रावर आलेली अफवा वाचतांना सहसा फसणार नाहीं. आजच्या काळांत ह्याहून उपयुक्त विद्या मला दुसरी दिसत नाहीं.

त्याच धड्यांत सोनें, ऊद व गंधरस हे शब्द येतात. सोनें मुलांना माहीत. बाकी दोन केवळ उच्चार. हे दोन्ही झाडांचे डिंक आहेत. गंधरस म्हणजे आपला हिराबोळ. काष्ठौषधींच्या दुकानांत तो मिळतो. ऊद ज्या झाडांपासून निघतो, त्यांचाच भाऊबंद सालई हा वृक्ष आपल्या महाराष्ट्राच्या रानांत उभा आहे. शाळेनें दोन्ही पदार्थांचे खडे थोडेसे आणावे, मुलांच्या हातांत द्यावे, वास घेऊं द्यावा. ज्यानें हिराबोळ एकदां हुंगला, त्याच्यापुढें बायबलांतलें तें वचन निर्जीव राहत नाहीं.

आणि आपली मराठी! फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडांत जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरु १५७९ सालीं गोव्यास आले. त्यांनीं ही भाषा आत्मसात करून जवळजवळ अकरा हजार ओव्यांचें ‘क्रिस्तपुराण’ रचिलें, आणि तें १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. परक्या देशाच्या मनुष्यानें प्रभुजन्माची कथा आपल्या ओवींत गावी, आणि आपल्या मुलांना मात्र नाताळचें एकही गीत मराठींत म्हणतां येऊं नये, हें पाहून खेद वाटतो. इंग्रजी शिकूं नये असें मी म्हणत नाहीं. पण घरची भाषा टाकून शिकूं नये. भारत सरकारच्या २०२० च्या शैक्षणिक धोरणांतही, शक्य तेथें निदान पांचवीपर्यंत शिक्षण घरच्या किंवा मातृभाषेंतून द्यावें असें सांगितलें आहे. ओवीचा साचा सोपा आहे: तीन चरण यमकाचे, चौथा लहान व मोकळा. तिसरी-चौथीच्या मुलांनीं गोठ्यांतल्या एकेका पात्रावर एकेक ओवी रचावी. कोणी बैलाची, कोणी मेंढपाळाच्या पोराची, कोणी जागा नाकारणाऱ्या धर्मशाळावाल्याची. घरीं आजीला विचारून लग्नांतल्या व सणांतल्या जुन्या ओव्या व शब्द लिहून आणावे. कादोडी बोलणाऱ्या घरांत असे शब्द आहेत, वाडवळांच्या घरांत आहेत, कोळीवाड्यांत आहेत. तीं म्हातारीं माणसें गेलीं कीं ते कोणत्याही कोशांत सांपडणार नाहींत. ह्या एका गृहपाठांत आपल्या समाजाची मोठी ठेव वांचण्यासारखी आहे.

गाण्याच्या तासाला शिक्षकांनीं स्वतःसाठीं एक गोष्ट आठवावी. ‘शांत रात्र’ म्हणून जें गीत जगभर गाइलें जातें, तें प्रथम २४ डिसेंबर १८१८ रोजीं ऑस्ट्रियांतील ओबर्नडॉर्फ गांवच्या संत निकोलासच्या मंदिरांत गितारीच्या साथीवर गाइलें गेलें. शब्द योसेफ मोर ह्या तरुण धर्मगुरूचे; चाल मात्र फ्रान्झ ग्रूबर ह्या शेजारच्या खेड्यांतील शाळामास्तराची. खेड्यांतल्या शिक्षकाच्या हातून काय घडूं शकतें, हें सांगण्यास ह्याहून दुसरा दाखला नको.

आपल्या वर्गांत सर्व मुलें आपल्याच धर्माचीं नसतात, हें मी विसरलों नाहीं. १९५० सालीं अंमलांत आलेल्या भारतीय संविधानाच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाप्रमाणें शासनमान्य किंवा शासकीय साहाय्य घेणाऱ्या शाळेंत कोणत्याही मुलाला त्याच्या पालकाच्या संमतीवांचून धार्मिक शिक्षणांत वा उपासनेंत भाग घ्यावयास लावतां येत नाहीं. हा केवळ कायदा नव्हे, सभ्यताही आहे. म्हणून प्रार्थना व उपासना मंदिरांत असावी, आणि सांवली, बीज, चांदणी, दंव, ओवी हीं सर्वांचीं असावीं. हिंदु मुलानें आपल्या घरच्या मकरसंक्रांतीची माहिती आणावी. तीही सूर्याच्या उत्तरेकडे वळण्याशीं निगडित असलेली तिथि. सुमारें सतराशें वर्षांपूर्वीं संक्रांत व अयनदिन एकत्र पडत, आज त्यांत तीन आठवड्यांहून थोडें अधिक अंतर पडलें आहे. कांठीची सांवली २२ डिसेंबरला व पुन्हां १४ जानेवारीला मोजली, म्हणजे सूर्य खरोखर केव्हां वळला तें मुलांना स्वतःच कळेल. एकाच सूर्याखालीं आपण सण करितों, ही ओळख लहानपणींच व्हावी. शेजारधर्माचा पाठ ह्याहून निराळा द्यावा लागत नाहीं.

चौथा आठवडा हृदयाचा. संत निकोलास हे चौथ्या शतकांत, आजच्या तुर्कस्थानांतील मायरा नगराचे महागुरु होते. परंपरा सांगते कीं, एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या लग्नासाठीं त्यांनीं रात्रीं खिडकींतून गुपचूप सोन्याच्या थैल्या टाकल्या. देणाऱ्याचें नांव घेणाऱ्याला कळूं नये, हा त्या कथेचा प्राण. पुढें त्यांच्या नांवाचा लाल पोशाखाचा म्हातारा झाला, आणि देणें दुकानाच्या कांचेंत जाऊन बसलें. वर्गांत तें परत आणतां येतें. सर्व मुलांच्या नांवांच्या चिठ्ठ्या एका टोपलींत टाकून प्रत्येकानें एक उचलावी. ज्याचें नांव येईल त्याच्यासाठीं आठवडाभर रोज एक काम गुप्तपणें करावें: त्याचा बांक पुसावा, त्याचें पडलेलें पुस्तक शिवून ठेवावें, खेळांत त्याला आपल्या बाजूला घ्यावें, त्याला न येणारें गणित समजावून द्यावें. विकत घेतलेली कोणतीही वस्तु द्यावयाची नाहीं, हा नियम कडक पाळावा. शेवटच्या दिवशीं नांवें सांगावीं कीं नाहीं, तें मुलांनींच ठरवावें. अशा आठवड्यांत श्रीमंत मुलाला पैशावांचून देतां येतें, आणि गरीब मुलाला आपणही दाता आहों हें कळतें. दोघांनाही ह्याची सारखीच गरज आहे.

पालकहो, आपल्याकडेही एक मागणें आहे. मूल मातीचा बैल करून आणील. तो बैलासारखा दिसणार नाहीं. त्याचे कान दुरुस्त करूं नका, आणि त्याच्या जागीं दुकानांतला सुबक बैल ठेवूं नका. तुम्हीं केलेला सुंदर गोठा पारितोषिक मिळवील, पण त्यांत मुलाला स्वतःचें असें कांहींच सांपडणार नाहीं. धर्मग्रामांत गोठ्यांच्या स्पर्धा होतात त्यांच्या परीक्षकांनाही माझी नम्र सूचना आहे: शाळकरी मुलांच्या गटांत सफाईला गुण देऊं नये, मुलांना प्रश्न विचारावे, आणि उत्तरांना गुण द्यावे. एवढा एक बदल केला तर वडील माणसांचा हात त्या गटांतून आपोआप मागें सरेल.

शिक्षकबंधुभगिनींनो, आपल्यावर तपासण्या, अहवाल व अभ्यासक्रम ह्यांचा भार आहे, हें मी जाणतों. परंतु वर सांगितलेल्या कामांत अभ्यासक्रमाबाहेरचें थोडेंच आहे. मोजमाप, अपूर्णांक, कोन, आलेख, दिनदर्शिका, वनस्पतींची वाढ, पाण्याचीं रूपें, दिशा, नकाशा, वाचन, लेखन. सर्व पाठ्यपुस्तकांत आहेच. नाताळ फक्त त्याला निमित्त देतो, आणि मुलाच्या मनांत आधींच असलेल्या आनंदाची जोड देतो. चारही आठवड्यांचें सर्व करणें न जमलें तर प्रत्येक आठवड्यांतील एकच काम निवडावें. पण तें वर्गांतल्या शेवटच्या बांकावरच्या मुलाच्या हातून झालें कीं नाहीं, हें पाहावें.

आपला हा धर्मग्राम ज्या मोठ्या भूमीचा भाग आहे, तिनें संत गोन्सालो गार्सियांसारखा सुपुत्र चर्चला दिला. तोही एके काळीं ह्याच हिंवाळ्याच्या उन्हांत खेळणारा वसईचा मुलगा होता. आज आपल्या बांकांवर जीं मुलें बसलीं आहेत, त्यांच्यांतून कोण काय होईल हें आपणांस ठाऊक नाहीं. आपल्या हातीं एवढेंच आहे कीं, त्यांच्यांतल्या एकालाही ‘तुझ्यासाठीं येथें जागा नाहीं’ असें आपल्या शाळेंत ऐकावें लागूं नये. पहिल्या नाताळच्या रात्रीं तें वाक्य एकदां उच्चारलें गेलें आहे. तें पुन्हां उच्चारण्याचें आपल्याला कांहीं कारण नाहीं.